उन्हाळ्यात ओट्सची चॉकलेट बिस्किटं पसरू नयेत म्हणून

जळगाव-भुसावळकडे एप्रिल-मे महिन्यात तूप बरणीतच पातळ होतं. अशा दिवसांत ओट्सची बिस्किटं करायला घेतली की गोळे ट्रेमध्ये पसरून त्यांची एकच पोळी होते. मी आधी कणीक वाढवून पाहिली, पण बिस्किटं दगडासारखी झाली. उपाय फ्रीजमध्ये आहे.

१. 1 वाटी ओट्स मिक्सरमध्ये जाडसर फिरवा. त्यात अर्धी वाटी कणीक, 2 चमचे कोको, अर्धी वाटी गुळाची पावडर आणि चिमूटभर सोडा मिसळा.
२. अर्धी वाटी तूप आधीच फ्रीजमध्ये घट्ट करून ठेवा आणि मग पिठात चोळा. गोळा वळत नसेल तरच चमचाभर दूध घाला.
३. गोळे चपटे करून ताटलीत मांडा, वर डार्क चॉकलेटचे तुकडे दाबा आणि ताटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. ही पायरी अजिबात गाळू नका.
४. ओव्हन 170 अंशांवर तापला की मगच बिस्किटं बाहेर काढा, लगेच ट्रेमध्ये ठेवून 12 ते 15 मिनिटं भाजा.

आपल्याकडे केळी घरात असतातच, म्हणून एखादं कुस्करून घालायचा मोह होतो. पण त्याने बिस्किट मऊ पडतं. खुसखुशीत हवं असेल तर केळं नकोच.

एक जपा: कोकोमुळे रंगावरून भाजल्याचं कळत नाही. कडा घट्ट झाल्या की काढा. मध्यभाग मऊ लागला तरी गार झाल्यावर कडक होतो.