डोळे मिटायला सांगण्याआधी : मुलांना निसर्गात नेताना या चुका टाळा

खानापूरजवळ मलप्रभेच्या काठावर मी दहा-बारा मुलांना गोल करून बसवलं होतं. "डोळे मिटा, फक्त पाण्याचा आवाज ऐका," म्हटलं. दोन मिनिटंही झाली नसतील, सोळा वर्षांचा एक मुलगा ताडकन उठला आणि थेट रस्त्यावर जाऊन उभा राहिला. मला वाटलं, कंटाळला असेल. परतताना तो हळूच म्हणाला, "ताई, घरात पाणी शिरलं की नाही, त्या रातीला असाच आवाज येत हुता."

निपाणीकडचा, वेदगंगेच्या काठचा मुलगा. ऑगस्ट २०१९ चा पूर पाहिलेला. हे मला ठाऊक होतं, तरी मी त्याला वाहत्या पाण्याशेजारी डोळे मिटायला लावलं. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात वंचित घरांतल्या मुलांबरोबर काम करणाऱ्यांनी ही चूक करू नये, म्हणून हे लिहिते आहे.

डोळे मिटण्याची सक्ती

ज्या मुलाने पूर पाहिलाय, घरात मारहाण सोसलीय, त्याला डोळे मिटले की शांत वाटेलच असं नाही. उलट जे दिवसभर दाबून ठेवलेलं असतं ते वर येतं. श्वासावर लक्ष द्यायला सांगितल्यावरही काहींची छाती भरून येते. म्हणून डोळे उघडेच राहू द्या. नजर एका पानावर, दगडावर ठेवायला सांगा. पायाखालची माती थंड आहे की कोमट, एवढंच विचारा. बसायची जागा मुलांना निवडू द्या. पाठीला झाड आणि समोर वाट दिसत असली की बरीच मुलं सैल होतात. आणि सुरुवातीलाच स्पष्ट सांगा : नको वाटलं तर उठून जायचं, कुणी कारण विचारणार नाही.

तरीही एखादं मूल थरथरायला लागलं, गप्प झालं, तर कार्यक्रम सहकाऱ्यावर सोपवून त्याच्याजवळ जा. हातावर गार पाणी घ्यायला सांगा, आजूबाजूच्या पाच वस्तूंची नावं विचारा. काय आठवलं ते सगळ्यांसमोर विचारू नका. पुढे गरज वाटली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि मुलांसाठीचा १०९८ हे दोन्ही नंबर हाताशी ठेवा. आपण समुपदेशक नाही, हे मनात पक्कं असू द्या.

तो मुलगा पुढच्या खेपेला आला तो नदीकडे पाठ करून बसला. मी काही म्हटलं नाही.

शांतता म्हणजे औषध, हा समज

बेळगावच्या वडगावात मागांच्या खटखटीत वाढलेल्या मुलांना रानातली शांतता खायला उठते. मग ती खुसखुसतात, एकमेकांना ढोसतात आणि आपण ओरडतो. ओरडू नका. अशाच एका मुलाला मी विचारलं, धागा तुटला तर तुला कसं कळतं? म्हणाला, "आवाजच बदलतोय की." आई कांड्या भरते, हा लहानपणापासून मागाशेजारी झोपलेला. त्याला म्हटलं, तसंच इथं ऐक, कुठला आवाज मध्येच थांबला ते सांग. राजहंसगडाच्या चढावर तो दहा मिनिटं हालला नाही. रातकिडे कधी थांबले, वारा कुठल्या बाजूने फिरला, सगळं त्याने सांगितलं. जे लक्ष त्याच्याकडे आधीपासून होतं, त्यालाच बोलावलं, एवढंच. 'सजगता' (माइंडफुलनेस, म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे लक्ष देणं) हा शब्द मी मुलांपुढे काढतच नाही. "दम लागलाय का बघ" हे सगळ्यांना कळतं, आणि कन्नड बोलणाऱ्यांसाठी 'उसिरु' म्हटलं की झालं.

ओंकार, नमस्कार, पद्मासन यांचीही गरज नसते. गटात मराठी-कन्नड-उर्दू बोलणारी, वेगवेगळ्या धर्मांची मुलं असतात. एकालाही परकं वाटता कामा नये.

निसर्ग 'दाखवायला' नेणं

जांबोटी-कणकुंबीकडच्या मुलाला जंगल दाखवणारे आपण कोण? तो गुरं घेऊन तिथंच फिरलेला असतो. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या मुलीला शिवार म्हणजे पात्याने कापलेले हात आणि भरून आलेली कंबर. तिला "बघ किती सुंदर!" म्हणणं क्रूर आहे. त्या मुलांना पुढे चालू द्या, वाट आणि झाडांची नावं त्यांच्याकडून ऐका. शहरातली मुलं त्यांच्यामागून चालली की गटातलं वजन आपोआप बदलतं.

तयारीतल्या चुका

वेळ ठरवताना कॅलेंडर बघण्याआधी शेत बघा. खानापूर भागात भाताची रोपलावण सुरू असताना, किंवा पुढे ऊस तुटायला लागल्यावर शिबिर ठेवलं तर मुलं येणार नाहीत, आणि आली तरी घरचा खाडा करून येतील. निपाणीतल्या विडी वळणाऱ्या घरांत मजुरी हजार विड्यांवर ठरते. मुलीची एक सकाळ गेली की सुपातला हिशेब चुकतो. आधी आईला भेटा, अंधाराआधी घरी पोचवायचा शब्द द्या आणि पाळा.

उपाशी पोटी ध्यान होत नाही. निघाल्याबरोबर पोहे किंवा भडंग, मग बाकीचं. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे ११ जून २०२३ पासून सरकारी साध्या बसमध्ये मुलींना तिकीट लागत नाही, ओळखपत्र मात्र आठवणीने घ्यायला सांगा. वाचलेले पैसे मुलांच्या तिकिटात आणि खाण्यात घाला.

भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नका, आणि पावसाळ्यात धबधब्यांच्या वाटेला जाऊच नका. पावसात जळवा, कोरड्या महिन्यांत गोचिडी. चोर्ल्यापलीकडे सत्तरीत आणि दोडामार्गात गोचिडींमुळे पसरणारा माकडताप आढळलेला आहे; पूर्ण बाह्या, लांब पॅन्ट आणि परतल्यावर अंग तपासणं हे टाळू नका.

एका शिबिरावर भिस्त

ही चूक सगळ्यात जास्त होते. फोटो निघतात, अहवाल जातो, आणि सोमवारी मूल पुन्हा त्याच गल्लीत. ब्रिटनमध्ये ८ हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर मोठा अभ्यास झाला, तो २०२२ साली प्रसिद्ध झाला. काही शाळांत सजगतेचे धडे दिले, बाकीच्यांत नेहमीचंच चालू ठेवलं. मुलांच्या मानसिक आरोग्यात फरक पडला नाही, आणि बहुतेकांनी वर्गाबाहेर सराव जवळजवळ केलाच नाही. म्हणजे वरून शिकवलेलं अंगात उतरत नाही. तेव्हा निधी देणाऱ्याला "मुलांचा ताण गेला" असं लिहून देऊ नका. किती मुलं पुन्हा आली, ते लिहा.

आम्ही आता लांब जाणं कमी केलंय. बेळगावातच टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारातल्या झाडांखाली दर रविवारी तासभर, पाऊस असला तर आडोशाला. प्रत्येकाचं एक झाड ठरलेलं. आल्यावर आधी आपापल्या झाडापाशी जायचं, गेल्या आठवड्यापासून काय बदललं ते बघायचं आणि सांगावंसं वाटलं तरच सांगायचं. परवा एका मुलीने सांगितलं, तिच्या झाडाच्या सालीत मुंग्यांनी वाट बदललीय.