ओव्याच्या पानाचा काढा: वास उडू न देता कसा करायचा

सांगली-साताऱ्याकडं दारात तुळशीशेजारी ओव्याचं झाड हमखास दिसतं, जाड, मऊ, केसाळ पानांचं. हे मसाल्यातल्या ओव्याचं झाड नव्हे बरं का, हे तुळस-पुदिन्याच्या कुळातलं, पण थायमॉल नावाचं वासाचं द्रव्य दोघांतही असतं म्हणून वास सारखा येतो. पानओव्यात त्याच्या जोडीला कार्व्हाक्रॉल पण असतं. ही दोन्ही द्रव्यं जंतूच्या पेशीचं आवरण बिघडवतात, मग आतलं बाहेर झिरपायला लागतं आणि जंतू मरतो. लॅबमध्ये जंतू पसरलेल्या प्लेटवर ह्या पानांच्या तेलात भिजवलेली कागदाची चकती ठेवतात, 37 अंशाला एक दिवस ठेवलं की चकतीभोवती जंतू न वाढलेली गोल जागा दिसते, ती मिलिमीटरमध्ये मोजतात.

आता झाड नसेल तर आधी लावा. कुणाकडून तरी वीतभर फांदी आणायची, खालची पानं काढून कुंडीत खोचायची, बी वगैरे काही लागत नाही. फक्त कृष्णाकाठची काळी माती नुसती भरू नका, ती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात, निम्मी वाळू आणि थोडं शेणखत घाला. जावळी-पाटणकडं पावसाळ्यात कुंडी पत्र्याखाली घ्याच.

काढ्याला एका कपाला तीन-चार पानं पुरे. पानं अख्खी धुवा, चुरगाळायची ती अगदी शेवटी, कारण तेल पानावरच्या बारीक केसांत असतं आणि ते लगेच उडतं. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं, लोक पानं पाण्यात टाकून अर्धं होईपर्यंत उकळत बसतात, घरभर वास सुटतो आणि कपात फक्त कडू पाणी उरतं! आलं घालायचं तर ते आधी उकळून घ्या. मग गॅस बंद करा, पानं हातानं फाडून टाका आणि लगेच घट्ट झाकण ठेवा, दहा मिनिटं उघडून बघायचं नाही. झाकणाला आतून जे थेंब लागतात ते परत कपातच पाडा, त्यात तेल असतं. गूळ घालून कोमट प्या, दरवेळी ताजा करा.

घशाला बरं वाटतं, पण लॅबमधलं तेल आणि कपातला काढा ह्यात फार फरक आहे, म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या अँटिबायोटिकच्या जागी हा घेऊ नका. गरोदर बाई असेल किंवा बाळाला द्यायचा असेल तर आधी विचारा, आणि धाप लागत असेल, ताप उतरत नसेल तर काढा करत न बसता सरळ दवाखाना गाठा.