खाडीपुलाच्या कामावर येणाऱ्यांसाठी

२ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला. जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली या दोन एसटी गाड्याही गेल्या. मी तेव्हा सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि राजापूरची गाडी आमच्या घरची नेहमीची. पुलाचं दुखणं वेळेत कळलं पाहिजे, हे त्या दिवसांत मनात पक्कं बसलं. आज कोकणातल्या खाडीपुलांवर सेन्सर आणि नवी सामग्री तपासणं हेच माझं काम आहे. या वाटेने येऊ पाहणारी मुलं विचारतात, कोणतं सॉफ्टवेअर शिकू? मी म्हणते, आधी होडीत बसून खांबापाशी जा.

आमच्याकडे पुलाला खातं ते मीठ. काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्यामुळे सळईवर एक पातळ संरक्षक थर टिकतो. क्लोराइड आत झिरपलं की तो थर तुटतो. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून कव्हर, म्हणजे सळईवरचं काँक्रीटचं आवरण, आतून फुटतं.

गंज ओळखायची जुनी रीत आधी शिका. सळईला वायर जोडायची, मोरचुदाच्या द्रावणात तांब्याची कांडी असलेली नळी काँक्रीटवर टेकवायची आणि मिलिव्होल्ट लिहीत जायचं. आकडा उणे ३५०च्या खाली गेला की गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात. पहिल्या हंगामात खांबाच्या तळाशी मला उणे ६००च्या खालचे आकडे मिळाले, आणि नकाशावर तो भाग मी लाल रंगवला. सरांनी दोन ठिकाणी कव्हर फोडायला लावलं. तळाची सळई शाबूत होती. भरतीच्या रेषेच्या वर, जिथे लाटांचे शिंतोडे उडतात आणि वाळतात, तिथल्या सळईचे पापुद्रे हातात आले. सतत भिजलेल्या भागात ऑक्सिजन पोचत नाही. आकडा खाली जातो, पण गंज फारसा पुढे सरकत नाही. वर मीठही मिळतं आणि हवाही. तो नकाशा तसाच पुढे गेला असता, तर दुरुस्तीचा पैसा चुकीच्या जागी पडला असता.

होडीवाल्या काकांनी त्याच आठवड्यात विचारलं होतं, "ताई, अष्टमीला कशाला आलात? पाणी उतरायचं नाही." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा इथला हिशेब. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास, वेळ सोयीची, पण पाणी जेमतेम उतरतं. पौर्णिमा-अमावास्येला खांब खालपर्यंत उघडा पडतो, पण पहाटे पाच आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. मोजमापाच्या वहीत तिथी, वेळ आणि पाण्याची पातळी लिहाच.

आता ऑप्टिकल फायबरचे सेन्सर. काचेचे असल्यामुळे ते गंजत नाहीत, म्हणून खाऱ्या हवेत मला ते प्रिय आहेत. स्ट्रेन, म्हणजे मूळ लांबीच्या तुलनेत झालेला लांबीतला बदल, बदलला की परतणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी सरकते: १५५० नॅनोमीटरला एका मायक्रोस्ट्रेनमागे (लांबीच्या दहा लाखाव्या भागाएवढ्या बदलामागे) साधारण १.२ पिकोमीटर. पण तापमान एक अंशाने वाढलं तरी ती सुमारे १० पिकोमीटर सरकते. उन्हात गर्डर, म्हणजे पुलाची मुख्य तुळई, १० अंशांनी तापला, की ८० मायक्रोस्ट्रेनचा आभास तयार होतो आणि चिऱ्यांनी भरलेल्या ट्रकचा खरा परिणाम त्यात बुडतो. शेजारी एक मोकळा, ताण न येणारा सेन्सर ठेवा आणि त्याचं वाचन वजा करा.

नव्या सामग्रीतल्या, पोलादाऐवजी वापरायच्या काचतंतूंच्या सळया गंजत नाहीत, हे खरं. पण त्यांची ताठरता पोलादाच्या साधारण पाव, साइटवर त्या वाकवता येत नाहीत, आणि तुटतात त्या आधी लांबण्याची सूचना न देता. शिवाय काँक्रीटचा अल्क काचेला झिजवतो. म्हणून आम्ही नमुने गरम अल्कद्रावणात महिनोन् महिने ठेवून तपासतो. अशा लांब पल्ल्याच्या, फसण्याची शक्यता असलेल्या शोधासाठी अमेरिकेच्या फेडरल हायवे अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने वेगळा कार्यक्रमच चालवला आहे. दोन वर्षांत उत्तर हवं असणाऱ्याला हे काम जड जाईल.

यायचं तर पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात या. जूनच्या आत सेन्सरच्या सगळ्या पेट्या पुराच्या रेषेच्या वर बांधून व्हायला हव्यात.