लष्करी हेलिकॉप्टर निवडताना: आधी उड्डाण-तास मोजा, मग किंमत

नॉर्वेने २००१ मध्ये १४ एनएच-९० हेलिकॉप्टरं मागवली. ताफ्याकडून वर्षाला ३,९०० तास उड्डाण हवं होतं, मिळत होतं सुमारे ७००. जून २०२२ मध्ये नॉर्वेने करारच रद्द केला. खरेदी करायची ती या तासांची, म्हणून हिशेब तिथूनच सुरू करा.

पहिला कागद कामांचा. कोणत्या उंचीवर, किती तापमानात, किती वजन घेऊन, किती लांब जायचं, ते लिहा. जाहिरातपत्रकातले आकडे बहुधा समुद्रसपाटीचे आणि १५ अंश तापमानाचे असतात. उंच आणि उष्ण जागी हवा विरळ होते, मग पंख्यांची उचल आणि इंजिनाची ताकद दोन्ही घटतात. ६,००० फुटांवर प्रमाण तापमान ३ अंश धरतात. प्रत्यक्षात ३५ अंश असेल तर हेलिकॉप्टरला ती जागा जवळपास १०,००० फुटांसारखी वाटते.

नमुन्याचा हिशेब पाहा. कमाल उड्डाण-वजन १०,००० किलो, रिकामं वजन ६,०००, चालक दल व सामग्री ५००, इंधन १,२००. उरले २,३०० किलो, म्हणजे ११० किलोचा एक याप्रमाणे २० सैनिक. त्या उंचीवर अनुज्ञेय वजन ८,५०० वर आलं की उरतात ८०० किलो, म्हणजे फक्त ७ सैनिक. विक्रेत्याकडून हाच तक्ता मागा, आणि तोही जमिनीच्या आधाराशिवाय हवेत स्थिर राहण्याचा. जमिनीलगत हवेची गादी मदत करते, दरीच्या कडेवर ती नसते. चाचणी स्वतःच्याच भूभागात, सर्वांत उष्ण महिन्यात घ्या.

आता संख्या. रोज १२ तयार हवीत आणि ताफ्यातली ६० टक्केच उडण्याजोगी असतात असं धरलं, तर १२ भागिले ०.६, म्हणजे २०. प्रशिक्षणाची, मोठ्या ओव्हरहॉलला गेलेली आणि अपघाताची राखीव यावर वेगळी. बाराच घेतली तर रोज सातच हाती येतात.

देखभालीच्या करारात पैसे सुट्या भागांच्या यादीऐवजी उपलब्ध तासांना बांधा. मुख्य गिअरबॉक्स, इंजिन आणि पंख्यांची पाती यांच्या दुरुस्तीला लागणारे दिवस लेखी घ्या. एक गिअरबॉक्स परदेशातल्या कारखान्यात अडकला, तर बाकी सगळं धडधाकट असलेलं हेलिकॉप्टर हँगरमध्येच बसतं. मग त्याचेच भाग काढून दुसऱ्याला लावतात. ही सवय एकदा लागली की सुटणं फार कठीण.

खास स्वतःसाठी बदल मागायचा मोह आवरा. ब्रिटनने १९९५ मध्ये आठ चिनूक एचसी-३ हेलिकॉप्टरं स्वतःच्या खास बदलांसह मागवली, २००१ मध्ये ती मिळालीही. पण सॉफ्टवेअरचा सोर्स कोड, म्हणजे मूळ आज्ञावली, करारात नव्हता, त्यामुळे ते सुरक्षित असल्याचं सिद्ध करता येईना आणि ढगाळ हवेत उड्डाणाची परवानगी मिळेना. वर्षानुवर्षं ती वापराविना राहिली. बदल टाळता येत नसेल तर उड्डाणयोग्यता सिद्ध करायला लागणारी कागदपत्रं आणि कोड पाहण्याचा हक्क, दोन्ही सहीआधी मिळवा.

आणि जुना ताफा मोडीत काढायची घाई नको. कॅनडाने १९९३ मध्ये ईएच-१०१ या नव्या हेलिकॉप्टरांची मागणी रद्द केली, आणि १९६३ पासूनची जुनी सी किंग हेलिकॉप्टरं २०१८ पर्यंत उडवावी लागली. नव्याला उशीर होणार हे गृहीत धरून जुन्याचे सुटे भाग आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ यांची तरतूद त्याच अंदाजपत्रकात करा.