स्केलिंगची इन्स्ट्रुमेंट निवडताना या चुका टाळा

स्केलिंग करताना, म्हणजे दातांवरचं टणक कीटण खरवडून काढताना, ते निघत नसलं की आपण जोर वाढवतो. मनगट दुखतं, रुग्ण कळवळतो, आणि कीटण तिथंच राहतं. अशा वेळी आधी हातातलं इन्स्ट्रुमेंट बघावं. बहुतेकदा ते त्या जागेसाठी नसतं, त्याचं उलटं टोक दाताला लागलेलं असतं किंवा धार गेलेली असते.

सिकल हिरडीखाली नेणं

सिकल या खरवडण्याच्या इन्स्ट्रुमेंटचं ब्लेड छेदात त्रिकोणी असतं, दोन धारा आणि अणकुचीदार टोक. खालच्या पुढच्या दातांच्या आतून साठलेलं जाड कीटण फोडायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. खोल पॉकेटमध्ये (दात आणि हिरडी यांच्यातल्या फटीत) मात्र ते टोक मुळावर चरे पाडतं आणि हिरडी फाडतं. तिथं क्युरेट (हिरडीखाली खरवडायचं इन्स्ट्रुमेंट) हवा, कारण त्याचं टोक आणि पाठ दोन्ही गोल असतात.

ग्रेसी युनिव्हर्सलसारखा वापरणं

सगळ्यात जास्त वेळ इथंच वाया जातो. युनिव्हर्सल क्युरेटचा (उदाहरणार्थ कोलंबिया ४आर/४एल) फेस (ब्लेडचा वरचा सपाट भाग) शेवटच्या शँकशी (ब्लेडला लागून असलेल्या दांड्याशी) ९० अंशांत असतो, म्हणून दोन्ही धारा चालतात. ग्रेसीचा (ठरावीक दातांसाठी, ठरावीक बाजूंसाठी केलेल्या क्युरेटचा) फेस ६० ते ७० अंशांत कललेला असतो आणि चालते ती फक्त खालची धार. ओळखायचं असं: ब्लेडचं टोक स्वतःकडे करा, शेवटचा शँक जमिनीला काटकोनात धरा. फेस एका बाजूला उतरता दिसेल. जी धार खाली, ती कामाची. उलटी धार लावलीत तर ब्लेड कीटणावरून नुसतं घसरतं.

नंबरही पाठच हवेत. १/२ आणि ३/४ पुढच्या दातांना, ५/६ पुढचे दात आणि उपदाढांना, ७/८ व ९/१० दाढांच्या गालाकडच्या आणि जिभेकडच्या बाजूंना, ११/१२ दाढांच्या मेसियलला (पुढच्या बाजूला), १३/१४ डिस्टलला (मागच्या बाजूला). तोंडात लावल्यावर शेवटचा शँक दाताच्या लांबीला समांतर दिसला तर टोक बरोबर आहे. तो तिरका दिसला तर इन्स्ट्रुमेंट उलटून दुसरं टोक घ्या.

सुरुवातीला सातही ग्रेसी घ्यायची गरज नाही. ५/६, ७/८, ११/१२, १३/१४, एक युनिव्हर्सल, पुढच्या आणि मागच्या दातांसाठी एकेक सिकल, शिवाय पॉकेटची खोली मोजायला यूएनसी-१५ प्रोब आणि कीटण चाचपायला ओडीयू ११/१२ एक्सप्लोरर एवढ्यावर रोजचं काम नीट चालतं.

कीटण गुळगुळीत होणं

ब्लेड आत घालताना कोन शून्याच्या जवळ, काम करताना ४५ ते ९० अंशांच्या मध्ये. ४५च्या खाली गेलात की कीटण निघत नाही, घासून चकचकीत होतं. मग एक्सप्लोररलाही ते मुळासारखंच लागतं, आणि ही फसगत महिन्याभरानं हिरडीतून रक्त आल्यावर कळते. असं झालं असेल तर ब्लेडला नवी धार लावा, कीटणाच्या कडेपासून सुरुवात करा आणि स्ट्रोकची दिशा बदला. उभ्याऐवजी तिरका घ्या. जुनाट कीटणावर लवचिक फिनिशिंग ग्रेसी वाकतो. तिथं रिजिड शँकचा घ्या किंवा आधी अल्ट्रासॉनिकनं फोडा.

पॉकेट ५ मिमीपेक्षा खोल असेल तर साधा ग्रेसी तळाला पोहोचत नाही. तिथं आफ्टर फाइव्ह हा ग्रेसीचा प्रकार घ्या, त्याचा शेवटचा शँक साध्या ग्रेसीपेक्षा ३ मिमी जास्त लांब असतो. अरुंद पॉकेटला आणि मुळांच्या दुभाजकाला निम्म्या लांबीचं ब्लेड असलेला मिनी फाइव्ह सोयीचा.

धारेकडे दुर्लक्ष

बोथट धार दिव्याखाली चमकते, तीक्ष्ण धार चमकत नाही. अ‍ॅक्रिलिकच्या काडीवर टेकवून बघा: रुतली तर ठीक, घसरली तर धार लावायचा दगड काढा. फेस आणि दगड यांच्यात १०० ते ११० अंश ठेवले की ब्लेडचा आतला कोन ७० ते ८० राहतो. क्युरेटचं टोक गोलाईनं घासत न्या, नाहीतर काही महिन्यांत त्याचा सिकल होतो.

घासून बारीक झालेलं ब्लेड टाकून द्यायला जीव होत नाही, पण पॉकेटमध्ये तुटतं ते हेच. तुटलंच तर हवा किंवा पाणी मारू नका. रुग्णाला गिळू नको, थुंकू नको असं सांगा, गॉजनं जागा कोरडी करा, सक्शनची जाळी तपासा. तुकडा सापडला नाही तर त्या दाताचा एक्स-रे काढा. तिथंही दिसला नाही तर छातीचा एक्स-रे काढून घ्या.

इम्प्लांटवर स्टीलचा क्युरेट

टायटॅनियमवर स्टीलचे ओरखडे पडतात आणि त्यांत प्लाक (जंतूंचा चिकट थर) धरतो. त्यासाठी प्लास्टिक, कार्बन फायबर किंवा टायटॅनियमचा क्युरेट वेगळा ठेवा आणि त्याचा ट्रेही वेगळाच ठेवा.