या चुका टाळा: निळ्या डिझेलच्या लेआउटवर सालांचा घोळ

ब्रिटनच्या तेव्हाच्या सरकारी ‘ब्रिटिश रेल’चा मॉडेल लेआउट, म्हणजे निळ्या डिझेल इंजिनांची छोटी नमुना रेल्वे, मांडताना ‘१९७०चं दशक’ एवढंच ठरवून खरेदी केली की घोळ सुरू. एकच साल धरा, जमलं तर महिनाही.

ऑगस्ट १९६८मध्ये वाफेची इंजिनं संपली आणि डिझेलच्या क्रमांकाआधीच्या ‘डी’ची गरज उरली नाही. १९७३-७४मध्ये टॉप्स, म्हणजे गाड्यांचा हिशेब ठेवणाऱ्या संगणक प्रणालीचे, क्रमांक आले. क्लास म्हणजे इंजिनाचा प्रकार; क्लास ४७चे क्रमांक ४७ने सुरू होऊ लागले. जानेवारी १९७६पासून हेडकोड, म्हणजे इंजिनाच्या तोंडावरच्या खिडकीतला गाडीचा चार अक्षर-अंकी संकेत, दाखवणं थांबलं. आधी खिडकीत चार शून्यं दिसत, पुढे बऱ्याच इंजिनांवर काळ्या पाटीत दोन पांढरे ठिपके आले. म्हणजे टॉप्स क्रमांक आणि खरा हेडकोड ही जोडी जेमतेम दोन वर्षांची. क्लास ५०ला युद्धनौकांची नावं १९७८पासून मिळाली. तेव्हा नाव आणि चालू हेडकोड एकत्र दिसले तर ते इंजिन कुठल्याच सालात बसत नाही.

टॉप्स क्रमांकांना वेस्टर्न म्हणजे क्लास ५२ इंजिनं हा अपवाद. धातूच्या ओतीव पाट्यांमुळे त्यांचे जुने क्रमांक शेवटपर्यंत, फेब्रुवारी १९७७पर्यंत, टिकले. लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकात त्यांच्या शेजारी एचएसटी (हाय स्पीड ट्रेन) उभी करायची हौस असेल तर ऑक्टोबर १९७६नंतरचे मोजके महिनेच हाती आहेत.

डब्यांची चूक सहसा कुणी पकडत नाही, पण जाणकाराला खुपते. मार्क १, मार्क २ हे ब्रिटिश रेलच्या डब्यांचे प्रकार. त्यातल्या मार्क २डीपासूनच्या वातानुकूलित डब्यांना इंजिनाकडून वीज लागते. वेस्टर्नमध्ये फक्त वाफेचा बॉयलर होता. त्यामुळे असा रेक वेस्टर्नला नको, वीज पुरवू शकणाऱ्या क्लास ५० किंवा ४७/४ला (क्लास ४७चा उपप्रकार) जोडा. वेस्टर्नमागे मार्क १ शोभतात. क्लास ३७ला वीज पुरवता आली ती १९८५पासून, ३७/४ झाल्यावर.

मॉडेलवरचा क्रमांक बदलताना डिकॅलभोवती (पातळ फिल्मवर छापलेल्या चिकटचित्राभोवती) चंदेरी कडा दिसते, कारण मॅट रंगाच्या खडबडीत पृष्ठावर फिल्मखाली हवा अडकते. आधी तेवढ्याच जागी ग्लॉस वार्निश द्या, पूर्ण वाळू द्या, डिकॅल लावा आणि २४ तासांनी सॅटिन वार्निशने झाका.

आणि डबा दरवेळी त्याच सांध्यावर, म्हणजे रूळ फाटतो तिथे, घसरतोय? रुळाला दोष देण्याआधी चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर व्हर्नियरने मोजा. ओओ या मॉडेलच्या मापात ते साधारण १४.५ मिमी हवं. कमी असेल तर चाक चेक रेलमध्ये (चाकाला आतून वळण लावणाऱ्या जादा रुळात) अडतं, जास्त असेल तर फ्रॉगच्या (दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्याच्या) टोकावर आपटतं. धातूचं चाक अ‍ॅक्सलवर हलकेच पिळत सरकवा. एका बाजूलाच ओढलं तर चाकांची जोडी मध्यापासून सरकते.