माणूस हलवायचाय? आधी त्याला गडग्यावरून उडी मारायला लावा

गणपतीच्या देखाव्यासाठी संगणकावर थ्रीडी ॲनिमेशनमध्ये जाखडी या कोकणी नाचातला गडी नाचवायचा असो नाहीतर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारा माणूस दाखवायचा असो, पहिला प्रश्न एकच येतो: कुठलं सॉफ्टवेअर? माणूस खरा वाटतो तो चेहऱ्यापेक्षा वजनामुळे. पाय जमिनीवर टेकलाय हे ज्यात लवकर साधतं, ते सॉफ्टवेअर घ्यावं.

सगळं एकाच ठिकाणी करायला जाऊ नका. शरीर, हाडं (शरीर ज्यावर वाकतं तो आतला सांगाडा) आणि हालचाल ही तीन वेगळी कामं आहेत.

शरीरासाठी मेकह्यूमन. मोफत आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. वय, उंची, पोट, सगळं पट्टी सरकवून ठरतं. फाइल बाहेर काढताना माप मीटरवर घ्या; डेसिमीटरवर राहिलं तर १.७ मीटरचा माणूस ब्लेंडरमध्ये, म्हणजे शेवटी सगळं जुळवायच्या मोफत थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये, १७ मीटरचा होऊन उभा राहतो.

हाडांसाठी मिक्सामो. ब्राउझरमध्ये चालतं, ॲडोबीचं मोफत खातं पुरतं. हात पसरलेल्या पोझमधलं मॉडेल चढवा आणि हनुवटी, मनगटं, कोपरं, गुडघे, जांघ यांवर खुणा ठेवा. बोटं जवळून दिसणार नसतील तर २५ हाडांचा पर्याय घ्या. धोतर किंवा नऊवारी आधीच नेसवलेली असेल तर मांड्यांमधलं कापड एकाच पायाला चिकटून ताणलं जातं. म्हणून हाडं उघड्या शरीराला बसवा, कापड मागाहून. तयार चाली तिथेच मिळतात. डाउनलोड करताना सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ चित्रं, निवडा, ब्लेंडरही मूळचा २४ वरच असतो.

जुळवाजुळव ब्लेंडरमध्ये. रॅम किमान ८ जीबी हवी. ग्राफिक्स कार्ड जुनं असेल तर नव्या आवृत्तीच्या मागे न लागता ३.६ घ्या. माणूस घडवायचं दुसरं साधन मेटाह्यूमन, त्यातली माणसं दिसायला झकास, पण दणकट कार्डाशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये. तसंच आणखी एक, डॅझ स्टुडिओ, मोफत, पण कपडे-केस घेता घेता खिसा हलका होतो.

आता परीक्षा. १.२ मीटर उंचीच्या चिऱ्याच्या गडग्यावरून (कुंपणाच्या दगडी भिंतीवरून) माणसाला खाली सोडा. जमीन गाठायला अर्धा सेकंद, म्हणजे १२ फ्रेम लागतात. पहिल्या सहा फ्रेममध्ये तो जेमतेम ३० सेंटिमीटर खाली येतो, उरलेले ९० पुढच्या सहांत. नवशिके सगळ्या फ्रेममध्ये सारखं अंतर ठेवतात, मग माणूस दोरीने सोडल्यासारखा उतरतो. ब्लेंडरचीही एक खोड आहे: आपण ठरावीक फ्रेमवर माणसाची जागा पक्की करतो तिला ‘की’ म्हणतात, आणि अशा दोन कींमधली गती तो आपणहून शेवटाला मंद करतो; माणूस टेकायच्या आधीच ब्रेक लावतो. ग्राफ एडिटरमध्ये (हालचालीचे वक्र दाखवणाऱ्या खिडकीत) कमरेच्या उभ्या वक्रावरची टेकण्याची की निवडा, व्ही दाबा, व्हेक्टर घ्या. पाय टेकल्यावर कंबर आणखी तीन-चार फ्रेम खाली गेली पाहिजे, गुडघे वाकले पाहिजेत. हे नसेल तर कितीही सुंदर कातडी लावा, बाहुलंच दिसणार.

हे हाताने जमत नसेल आणि कामात उड्या, गिरक्या जास्त असतील, तर कॅस्केडर बघा. शरीराचा तोल आणि हवेतला मार्ग ते भौतिकशास्त्रानुसार सुधारून देतं. मोफत आवृत्तीत फाइल बाहेर काढण्याच्या अटी मात्र आधी वाचा. नुसतं चालणं-बसणं असेल तर मिक्सामोच पुरे. त्यात पाय घसरताना दिसले तर बहुधा ‘इन प्लेस’वर खूण केलेली असते: माणूस जागेवरच चालतो, आणि आपण त्याला अंदाजाने पुढे ढकलतो. ती खूण काढून चाल पुन्हा उतरवा.

पावसाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून रेंडर, म्हणजे शेवटची चित्रं तयार करणं, थेट व्हिडिओत करू नका. अर्धवट फाइल उघडतच नाही. पीएनजी चित्रांची मालिका काढा. दहा सेकंदांना २४० चित्रं. आउटपुटमधली ‘ओव्हरराइट’ची खूण काढून ठेवलीत, की लाइट आल्यावर झालेली चित्रं सोडून काम पुढे सुरू होतं. लाइट गेली तेव्हा जे चित्र चाललं होतं ते अर्धवट दिसलं तर तेवढं एक पुसून टाका.